भविष्यकाळात बोलणारी माणसं

मराठीत आपण पुरुष की बाई हे कळू न देता दोन वाक्यं बोलून बघा. मी जवळजवळ दीड वर्ष तसं बोलले आहे, म्हणून सांगते, येतं तसं बोलता. पण संध्याकाळपर्यंत डोकं शिणून जातं.

अडचण "मी आलो" आणि "मी आले" यांच्यात आहे. तोंड उघडायच्या आधीच ठरवावं लागतं. "मी करतो" म्हटलं तर मला आतून चटका बसायचा, आणि "मी करते" म्हणायची अजून हिंमत नव्हती. मग हळूहळू पळवाटा सापडत गेल्या. भविष्यकाळात काही कळत नाही: मी येईन, मी बघेन, मी रिपोर्ट पाठवेन. भूतकाळात सकर्मक क्रियापद घेतलं की ते कर्माच्या मागे जातं आणि बोलणारा सुटतो: मी प्लेट्स मोजल्या, मी फाईल दिली, मी सांगितलं. "मला जायचंय" आणि "माझं झालंय" या हक्काच्या जागा. "आम्ही आलो" तर सगळ्यांचं एकच. शाळेत कर्तरी-कर्मणी प्रयोग घोकताना कुणाला कल्पना असते, की हे पुढे कधी अंग झाकायला उपयोगी पडणार आहे!

हे सगळं मी कामावर करत होते. मी औषधांच्या कारखान्यात सूक्ष्मजीवशास्त्र विभागात आहे. आमच्याकडे इंजेक्शनं भरली जातात. भरण्याच्या खोलीतली हवा, पृष्ठभाग आणि आत जाणारी माणसं यांच्यावर जंतू आहेत का, हे तपासणं माझं काम. आगार, म्हणजे जंतू वाढवायची जेलीसारखी खळ, ओतलेल्या ९० मिलिमीटरच्या प्लेट्स चार तासांपर्यंत उघड्या ठेवायच्या, मग बंद करून इनक्युबेटरमध्ये घालायच्या. बुरशीसाठी २० ते २५ अंश, जिवाणूंसाठी ३० ते ३५. मग प्लेटवर उगवलेल्या जंतूंच्या वसाहती मोजायच्या. मला हे काम मनापासून आवडतं. हवेत काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही, पण थांबलं आणि योग्य ऊब दिली की दिसायला लागतं.

पण त्या खोलीत जायचं तर आधी चेंज रूममधून जावं लागतं, आणि चेंज रूमला दोनच दारं. बाहेरचे कपडे आत चालत नाहीत. कारखान्याने दिलेला आतला सूट घालायचा, आडव्या बाकावरून पाय पलीकडे टाकायचे, पुढच्या खोलीत निर्जंतुक गाऊन, हूड, मास्क, गॉगल, दोन जोड हातमोजे. ट्रान्स माणसांच्या नोकरीचा विषय निघाला की लोकांना आधी स्वच्छतागृह आठवतं. माझ्यासाठी खरी कसोटी तो बाक होता. पुरुषांच्या दारातून मी सात वर्षं गेले. भिंतीकडे तोंड करून, जमेल तितक्या लवकर.

आणि गंमत म्हणू नये, पण सगळं चढवून झालं की मला हलकं वाटायचं. आत सगळे सारखे. पांढरे, गोलमटोल, फक्त डोळे दिसणारे. अंगावर नंबर. तिथे मला कुणी "सर" म्हणत नव्हतं, कारण मास्कमधून कुणी फारसं बोलतच नाही. दिवसातले ते तीन-चार तास माझ्या शरीराबद्दल कुणाचं काही मत नसायचं.

मी बाई आहे हे कामावर सांगितलं त्या दिवसाबद्दल फार लिहीत नाही. एचआरच्या मॅडमनी ऐकून घेतलं, वेळ मागितला, एक पत्र निघालं. पहिले तीन महिने मला पाहुण्यांसाठीची चेंज रूम दिली होती. ती इमारतीच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे प्रत्येक फेरीला बारा मिनिटं जास्त. मग एक दिवस प्रॉडक्शनमधल्या सर्वांत जुन्या बाई माझ्या टेबलापाशी आल्या. इतकंच म्हणाल्या, "तुझा नंबर आमच्या रॅकवर लावलाय. ती लांबची वारी बंद कर आता." मी गेले तेव्हा बायकांच्या चपलांच्या रॅकवर, त्यांच्या शेजारच्या कप्प्यात, माझ्या नंबरची पट्टी होती. सरळ, नीट कापलेली. त्यांनी माझ्याशी या विषयावर त्याआधी कधी एक शब्द काढला नव्हता, नंतरही नाही.

सगळंच असं झालं नाही. त्या वर्षीच्या वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांनी माझ्या फॉर्मवर "मानसिक विकार" या रकान्यात खूण केली. मी त्यांना सांगितलं, की जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मंजूर केलेल्या आजारांच्या वर्गीकरणात ट्रान्स असणं मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढलंय, आणि ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. ते म्हणाले, फॉर्म जुना आहे. मी म्हटलं, फॉर्म जुना असेल, खूण आजची आहे. त्यांनी ती खोडली, पण दोन वेळा, गडद, खाली काय होतं ते दिसू नये अशी. आमच्या कामात असं खोडणं चालत नाही, आणि त्याबद्दल मला आणखी सांगायचंय.

औषधांच्या कारखान्यात नोंद हे दैवत आहे. चुकीचा आकडा लिहिला तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर आकडा, कारण, सही, तारीख. पांढरी शाई नाही, गिरवणं नाही, पान फाडणं तर नाहीच. आणि कागदांवर सह्या करणाऱ्या प्रत्येकाच्या सहीचा नमुना एका रजिस्टरमध्ये असतो. नाव बदललं तेव्हा मला वाटलं, तिथली माझी जुनी ओळ काळ्या शाईने भरून टाकावी. क्यूएच्या, म्हणजे गुणवत्ता हमी विभागाच्या, सरांना तसं विचारलंही. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तुमच्या जुन्या सहीवर हजारो रिपोर्ट उभे आहेत. ती ओळ मिटवली तर त्या सह्या कुणाच्याच राहणार नाहीत."

त्या रात्री मी अमेरिकेतल्या ट्रान्स संगणकशास्त्रज्ञ लिन कॉनवे यांच्याबद्दल पुन्हा वाचत बसले. आयबीएममध्ये त्यांनी संगणकाच्या प्रोसेसरला सूचना क्रम बदलून, एकाच वेळी अनेक, हाताळता याव्यात यासाठीची पद्धत शोधली होती. ट्रान्झिशन करणार, म्हणजे यापुढे बाई म्हणून जगणार, असं सांगितल्यावर १९६८ मध्ये कंपनीने त्यांना काढून टाकलं. नव्या नावाने त्यांनी कंत्राटी प्रोग्रॅमर म्हणून पहिल्यापासून सुरुवात केली, १९७३ मध्ये झेरॉक्सच्या पार्क संशोधन केंद्रात गेल्या, आणि कार्व्हर मीड यांच्यासोबत चिप कशी आखायची हे शिकवण्याची रीतच बदलून टाकली. पण आयबीएममधलं काम माझं आहे, असं त्यांना सुमारे ३० वर्षं उघडपणे म्हणता आलं नाही, कारण म्हटलं की जुनं नाव सांगावं लागणार. कंपनीने माफी मागितली ती २०२० मध्ये. बावन्न वर्षांनी. २०२४ मध्ये त्या गेल्या.

मला माझी सात वर्षं हवी होती. दुसऱ्या दिवशी मी जुन्या ओळीवर एक रेघ मारली, शेवटची तारीख घातली, खाली नवी ओळ लिहिली. कारणाच्या रकान्यात "नाव बदल". हात थरथरत होता, तरी नवी सही चांगली आली. हाच निर्णय प्रत्येकाने घ्यावा असं मी कधीही म्हणणार नाही. जुनं नाव दिसणं ज्यांच्या जिवावर येतं, त्यांना ते झाकण्याचा पूर्ण हक्क असला पाहिजे, आणि ती सोय करणं नोकरी देणाऱ्याचं काम आहे. मला ते सहन होण्यासारखं होतं, एवढंच.

तोपर्यंत मी समजत होते, की इथे मी एकटीच आहे.

आत काम करून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या गाऊनवरून आम्ही नमुने घेतो. ५५ मिलिमीटरची, आगार किंचित फुगीर असलेली प्लेट अंगावर हलकेच टेकवायची: बोटं, दोन्ही हात, छाती. एका दुपारी देखभाल विभागातला एक तंत्रज्ञ फिल्टरच्या गळतीची चाचणी करून बाहेर आला. आठ वर्षांपासून कामावर, शांत, कामाला पक्का. त्याची बोटं झाली, हात झाले. मी छातीसाठी प्लेट उचलली आणि त्याचा श्वास थांबला.

तसा श्वास मी ओळखते. छातीच्या वरच्या चार बोटांतच घेतलेला श्वास. आणि खांदे किंचित पुढे, जसं एखादं दार लावून घ्यावं. नियमात लिहिलंय, "छाती, झिपच्या बाजूला". मी प्लेट अगदी वर, गळ्यापाशी झिपला लागून टेकवली, क्षणभरच, आणि टेकवताना लेबलाकडे बघत राहिले. "झालं दादा," म्हटलं. तो गेला.

मी त्या दिवशी कुणाला काही विचारलं नाही, कुणाकडे पाहिलं नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं म्हणून थांबून लिहिते. आपल्यासारखं कुणी दिसलं की धावत जावंसं वाटतं. इतक्या वर्षांचा एकटेपणा असतो पोटात. पण मी उघड आहे, सगळ्या कारखान्याला ठाऊक आहे. माझं एखाद्याशी जास्त बोलणंसुद्धा त्याच्याकडे बोट दाखवू शकतं. आणि माझा अंदाज चुकीचाही असू शकत होता. मी माझ्या जागी राहिले.

पाच दिवसांनी तो लॅबच्या दारात आला. निकाल विचारायला देखभालीची माणसं सहसा येत नाहीत.

"माझ्या प्लेटवर काही आलं का, मॅडम?"

"शून्य."

तो जाईना. दाराच्या चौकटीला हात लावून उभा राहिला. मग म्हणाला, "तुम्ही वर लावलीत. याआधी कुणी लावली नव्हती."

"झिपजवळ कुठेही चालते."

"आठ वर्षं झाली," तो म्हणाला. "इथे कुणालाच माहीत नाही. तुम्हाला सांगतोय." आणि जाताना, "येतो, ताई."

मॅडमची ताई तिथे, त्या दारात झाली.

त्याच्याबद्दल मी इथे जे लिहिलंय ते त्याने वाचून "चालेल" म्हटलंय, आणि ओळख पटेल असं जे जे होतं ते मी बदललंय. तो रुजू झाला तोच पुरुषाच्या कागदपत्रांसह. त्याला कधी सांगावं लागलं नाही, आणि त्याची किंमत म्हणजे रोजची खबरदारी. शिफ्टच्या वीस मिनिटं आधी येऊन चेंज रूम रिकामी असताना कपडे बदलणं. सहलीला न जाणं. बाइंडर, म्हणजे छाती सपाट दिसावी म्हणून आतून घालायचा घट्ट कपडा, आठ तासांहून जास्त घालू नये असं सांगतात. देखभालीसाठी उत्पादन बंद ठेवतात त्या काळात, सगळे फिल्टर एकदम तपासायचे असतात तेव्हा, तो बारा-बारा तास घालायचा, वर निर्जंतुक गाऊन. फासळ्या दुखायच्या. कुणाला सांगणार?

नमुने घेण्याचं वेळापत्रक मी आखते. पुढच्या बंदच्या वेळी मी फिल्टरच्या चाचण्या दोन टप्प्यांत घातल्या, मधल्या वेळात खोलीतली माणसं बाहेर काढून प्लेट्स ठेवायच्या, असं. शास्त्रीयदृष्ट्या ते बरोबरच होतं, दोन टप्प्यांत नमुने घेतले की माहिती जास्त मिळते. कुणी कारण विचारलं नाही. तो सहा तासांनी बाहेर पडू शकला. आम्ही त्यावर बोललो नाही. त्याने लॅबच्या वातानुकूलनाचा दोन महिने खडखडणारा आवाज त्याच आठवड्यात बंद करून दिला.

आम्ही बोलतो ते बहुतेक कामाबद्दल. पण एकदा विषय निघाला, मीटिंगमध्ये कुणाचं ऐकलं जातं याचा. मी सांगितलं, की पूर्वी मी "वसाहतींचा रंग बघता हा माणसांकडून आलेला जंतू वाटतो" म्हटलं की लोक लिहून घ्यायचे. आता तेच म्हटलं की "खात्री आहे का?" विचारतात. माझं ज्ञान तेच, माझी मायक्रोस्कोपवरची वर्षं तीच. तो म्हणाला, "माझं उलट आहे. आधीच्या नोकरीत मी ओरडून सांगायचो, मोटर जळणार आहे, कुणी ऐकायचं नाही. इथे मी मान हलवली तरी मशीन थांबवतात." २००८ मध्ये अमेरिकेतल्या दोन अभ्यासकांनी ट्रान्स लोकांच्या ट्रान्झिशनआधीच्या आणि नंतरच्या कमाईची तुलना प्रसिद्ध केली होती. ट्रान्स बायकांची सरासरी कमाई जवळजवळ एक तृतीयांशाने घटली होती, ट्रान्स पुरुषांची किंचित वाढली होती. मी त्याला ते दाखवलं. आणि मेंदूशास्त्रज्ञ बेन बॅरेस यांची गोष्टही सांगितली. त्यांनी १९९७ मध्ये ट्रान्झिशन केलं. पुढे २००६ साली 'नेचर'मध्ये त्यांनी लिहिलं, की त्यांचं एक व्याख्यान ऐकून कुणीतरी म्हणालं होतं, याचं काम याच्या बहिणीपेक्षा कितीतरी सरस आहे. ती बहीण म्हणजे तेच होते, आधीच्या नावाने.

तो हसला नाही. बराच वेळ बोटांवरचं ग्रीस पुसत राहिला. "म्हणजे मला जे मिळालं, ते तुमच्याकडून काढून घेतलेलं आहे," म्हणाला. मी म्हटलं, तू काढलं नाहीस. पण त्यानंतर मीटिंगमध्ये मी बोलले आणि शांतता झाली, की तो टेबलाच्या त्या टोकावरून म्हणतो, "मॅडम म्हणतायत ते बघून घेऊ आधी." लोक लिहून घेतात. मला याचा आनंद होतो आणि संतापही येतो.

क्रियापदांबद्दल त्याच्याशी बोलले तेव्हा मला वाटलं होतं, तोही माझ्यासारखाच भविष्यकाळात राहिला असेल. पण त्याची आजी ज्या बोलीत बोलायची, त्यात बायकाही "मी आलो, मी गेलो" म्हणतात. तो लहानपणापासून आजीसारखं बोलायचा. घरच्यांना वाटायचं, आजीचं वळण लागलंय. "मला भाषेने कधी अडवलंच नाही," तो म्हणाला. मला त्याचा इतका हेवा वाटला, की मी विषय बदलला.

गेल्या वर्षी क्यूएच्या कागदपत्र विभागात एक नवं पोर आलं. मी मुद्दाम पोर लिहितेय. हुशार, नीटनेटकं, अक्षर सुरेख. तिसऱ्या की चौथ्या मीटिंगमध्ये माझा कान टवकारला. "मी फाईल तपासली." "मला दोन दिवस लागतील." "मी उद्या आणून देईन." अर्धा तास झाला तरी एकदाही करतो नाही, करते नाही, आलो नाही, आले नाही. वाक्य कुठे वळणार हे आधी बघून, क्षणभर थांबून, मग बोलणं. तो थांबण्याचा क्षण मला पाठ आहे.

संध्याकाळी देखभालीतला तो भेटला. "ताई, ते नवीन पोर..." एवढंच म्हणाला. मी मान हलवली. आम्ही पुढे काही बोललो नाही.

नोंदी कशा दुरुस्त करायच्या, यावर नव्या लोकांचं प्रशिक्षण मी घेते. त्या वेळी मी पहिल्यांदाच उदाहरण म्हणून सह्यांचं रजिस्टर उघडलं, माझंच पान. ही माझी जुनी सही, ही रेघ, ही तारीख, हे कारण, ही आताची सही. वर्गात कुणी काही बोललं नाही. मागच्या रांगेतून प्रश्न आला, "नवी सही लागू व्हायला किती दिवस लागतात?"

"एक दिवस," मी म्हटलं. "फॉर्म माझ्याकडे आहे. कधीही ये."

पाच महिने कुणी आलं नाही. मी विचारलं नाही. कॉरिडॉरमध्ये "मला हे समजलं नाही", "मी ते बघेन" चालू होतं.

मागच्या बुधवारी, बाकीचे गेल्यावर, मी प्लेट्स मोजत बसले होते. दार वाजलं. हातात फॉर्म होता, मी दिलेला नव्हे, स्वतःच कुठूनतरी छापून आणलेला. कारणाच्या रकान्यापर्यंत भरलेला, तो रकाना रिकामा. मी रजिस्टर काढून दिलं, पेन दिलं आणि पुन्हा प्लेटकडे वळले, म्हणजे लिहिताना कुणी बघत नसेल. पट्टी ठेवल्याचा आवाज आला, रेघ मारल्याचा आला. मग बराच वेळ काही नाही. मग रजिस्टर मिटलं.

"झालं?"

"झालं, मॅडम."

पावलं दारापर्यंत गेली आणि थांबली. तो क्षण नेहमीपेक्षा लांबला.

"बरं, येते मी."

"ये," मी म्हटलं. किती मोजून झालं होतं ते विसरले होते. प्लेट फिरवली आणि पहिल्यापासून मोजायला घेतली.